मारोतीरावांची केळी

टमटममध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी कोण बसलंय, हे एकदा बघून घ्यायला हवं होतं. पण त्या सकाळी लुंबिनी मॅडमचं डोकं असं काही तापलेलं होतं, की तिथं साक्षात शिक्षणाधिकारी बसले असते तरी तिनं तोंड आवरलं नसतं.

“मावशी, तुम्हीच सांगा,” ती शेजारच्या गुणामावशींना म्हणाली. गुणामावशी तिच्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या आणि रोज अर्धापूरहून याच टमटमनं यायच्या. “हा तिसरीचा पेपर. ऐका. मारोतीरावांच्या केळीच्या झाडाला चौऱ्याऐंशी केळी लागली. त्यांनी छत्तीस केळी विकली. तर झाडावर किती केळी उरली?”

“छत्तीस?” गुणामावशींनी नाक मुरडलं. “घड सोडून छत्तीस केळी कोण इकतंय? आन् घड उतरवल्यावर केळ उभी ठिवतंय का कुणी? बुडातून तोडत्यात.”

“तेच तर! माझ्या एकतीस पोरांतल्या सत्तावीस जणांनी उत्तर लिहिलं, शून्य. सगळ्यांचं चूक. वर लाल पेननं शेरा, वर्गाला वजाबाकी येत नाही. अहो, ज्यानं हा पेपर काढला त्यानं जन्मात केळीची बाग पाहिली नसणार. बाजारात डझनानं केळी घेणारा कुणीतरी दीडशहाणा.”

पुढच्या माणसाची मान जरा खाली गेली. ड्रायव्हर उगाचच खोकला.

शाळेच्या फाट्यावर दोघी उतरल्या, तर तो माणूसही उतरला. उंच, सावळा, खांद्याला कापडी पिशवी, तिशीचा असेल नसेल. पिशवीचा बंद हातात धरून तो त्यांच्याकडे वळला.

“डझनानं नाही घेत मी,” तो म्हणाला. “आमच्या भोकरकडे केळी होत नाहीत, मॅडम… कापूस, सोयाबीन. त्यामुळे बाग पाहिली नाही हे मात्र खरं हाय.”

लुंबिनीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. “म्हणजे… पेपर…”

“मीच काढलाय. रविकांत पाईकराव. जय भीम.”

गुणामावशींना एकाएकी चूल पेटवायची आठवण झाली आणि त्या अशा चालत्या झाल्या, की विचारू नका. लुंबिनी मात्र जागीच उभी. शब्द मागे घ्यावेत, तर पटत नव्हतं. न घ्यावेत, तर हा माणूस तालुक्याकडून आलेला. शेवटी ती म्हणाली, “जय भीम. मी लुंबिनी सोनकांबळे. तिसरीचा वर्ग माझा आहे. आणि मी बोलले ते… खरंच बोलले.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसले, ओठ मागून. लुंबिनीनं हे टिपलं आणि टिपल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

रविकांतही जिल्हा परिषदेचाच शिक्षक, भोकर तालुक्यातल्या एका गावातला. पोरांना गणित शिकवण्यात त्याचा हात चांगला म्हणून वर्षभरासाठी त्याला अर्धापूरला आणलं होतं. ज्या वर्गांचे निकाल पडले तिथं जाऊन शिक्षकांना मदत करायची, दोन महिन्यांनी पुन्हा पेपर घ्यायचा, असं त्याचं काम. आणि पडलेल्या वर्गांच्या यादीत पहिलं नाव लुंबिनीच्या वर्गाचं होतं.

तो वर्गात आला, आणि खुर्चीत न बसता पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसला. साक्षी नावाच्या एका चुणचुणीत पोरीला त्यानं विचारलं, “शून्य कसं काय आलं गं तुझं?”

साक्षीला असल्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “सर, केळ एकदाच येती. घड काढला की तोडायची. मग बाजूचा पिल, म्हंजे नवा कोंब, वर येतो. झाडच न्हाई तर केळी कुठं उरतेत?”

रविकांत उठला. फळ्यावर मारोतीरावांचं ते गणित लिहिलं, त्यावर भली मोठी फुली मारली आणि पोरांकडे वळला. “तुम्ही बरोबर होता. चूक माझी हाय. मला माफ करा.”

पोरं खिदळली. लुंबिनी हसली नाही. सात वर्षांच्या नोकरीत तिनं साहेब लोक खूप पाहिले होते. पोरांची माफी मागणारा हा पहिलाच.

आता लुंबिनीचंही थोडं सांगायला हवं. ती लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची. नोकरी लागली ती नांदेड जिल्ह्यात, आणि तिकडे आई, नागुबाई, घरात एकटी. वडील नाहीत, भाऊ पुण्याला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तरी पुण्याला जायचं नाव काढत नव्हती. “तिथं दार लावून बसायचं, कुणी कुणाला हाक मारत न्हाई,” म्हणायची. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि शेजारणीला कळेपर्यंत दोन तास फरशीवर पडून होती. तेव्हापासून लुंबिनीला रात्री फोन वाजला की घाम फुटायचा. दर वर्षी ती आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म भरायची, दर वर्षी यादीत नाव नसायचं. यंदाही भरला होता, हा पाईकराव नावाचा माणूस टमटममध्ये बसण्याच्या पंधरा दिवस आधी.

रविकांत दर बुधवारी येऊ लागला. मग बुधवारी आणि शुक्रवारी.

त्याची शिकवण्याची एक तऱ्हा होती. शाब्दिक गणित फळ्यावर लिहायचं आणि आकड्यांवर वह्या धरून ते झाकून टाकायचे. “आता सांगा, गोष्ट काय हाय? कोणाकडं होतं, काय झालं, काय विचारलंय?” आकडे दिसत नाहीत म्हटल्यावर पोरं मुकाट गोष्ट वाचायची. एरवी दोन आकडे दिसले की झालं, मोठ्यातून लहान वजा, नाहीतर दोघांची बेरीज, आणि पुढे पळ.

लुंबिनीला हे आवडलं, पण तसं म्हणेल तर ती लुंबिनी कसली. “माझ्या पोरांना येतं की. मी तक्ताच लावलाय,” तिनं भिंतीकडे बोट केलं. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी.

रविकांतनं तक्ता वाचला. खडू घेऊन नवं गणित लिहिलं. ‘खेळ संपला तेव्हा अमरेशकडे चौदा गोट्या उरल्या. खेळात तो सहा गोट्या हरला होता. तर आधी त्याच्याकडे किती गोट्या होत्या?’

“आठ!” सगळा वर्ग एका सुरात.

लुंबिनीच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले. पोरांनी ‘उरल्या’ वाचलं होतं आणि तिच्या तक्त्याचं ऐकलं होतं. रविकांत मात्र शांतपणे साक्षीला म्हणाला, “जा, चौदा खडे आण. आपण खेळ उलटा खेळू.” खडे आले, हरलेले सहा परत आले, वीस झाले. तक्त्याचं नाव कुणी काढलं नाही.

मधल्या सुट्टीत तिनं स्वतःच तक्ता काढला आणि गुंडाळत म्हणाली, “मुद्दाम घातलं ना ते गणित?”

“हाव.”

“सरळ सांगायचं की, तक्ता चुकलाय म्हणून.”

“पोरांसमोर?” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला चाललं असतं मॅडम… मला नसतं चाललं.”

तिनं तक्ता उगाचच आणखी घट्ट गुंडाळला. त्या दिवशी रात्री आईला फोनवर तिनं अमरेशच्या गोट्या सविस्तर सांगितल्या. आईनं ‘हं, हं’ करत सगळं ऐकून घेतलं.

फेब्रुवारी सरत आला. शाळेमागच्या बागांत घडांवर निळ्या पिशव्या चढल्या, दुपारच्या वाऱ्यात केळीची पानं फडफडू लागली. वर्गात आता तुलनेची गणितं चालली होती, आणि पोरं तिथंच अडली. कुणी काही विकत नाही, हरवत नाही, खात नाही, मग वजाबाकी कशाला? मागच्या रांगेतला सुनील म्हणायचा तीनने जास्त, म्हणजे मिळवायचे तीन, संपलं.

“कोणी तरी दोघं उभे राहा पाठीला पाठ लावून,” रविकांत म्हणाला.

“सर आन् मॅडम!” साक्षी म्हणाली. ही पोर पुढे राजकारणात जाईल, असं लुंबिनीला तेव्हापासून वाटतं.

नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. पोरांनी दोघांना फळ्याशी नेलं. लुंबिनी भिंतीलगत दाराकडे तोंड करून उभी, तिच्या पाठीमागे तो. स्पर्श नव्हता, मध्ये चांगलं चार बोटं अंतर होतं, पण त्या चार बोटांतली ऊब तिला कळत होती. साक्षी खुर्चीवर चढली, दोघांच्या डोक्यांवर आळीपाळीनं पट्टी ठेवून तिनं भिंतीवर रेघा मारल्या, टेप लावला.

“सर एकशे एकाहत्तर! मॅडम एकशे चोपन्न!”

“आता सांगा, मॅडमचं काही काढून घेतलं का आपण?”

“न्हाई!”

“माझं?”

“न्हाई!”

“मग फरक कसा काढायचा?”

पोरं भिंतीवरच्या दोन रेघांमधल्या जागेकडे बघत राहिली. “मोठ्यातून लहान जाईल तेवढा भाग काढायचा… उरतंय ते मधलं,” साक्षी हळूहळू म्हणाली. “सतरा. मॅडम सतरानं कमी हायेत.”

“कमी कशाला?” रविकांत खडू झटकत म्हणाला. “मॅडम पुऱ्या हायेत. मीच उगं सतरानं वाढलो.”

वर्गाला यात काही विशेष वाटलं नाही. लुंबिनीनं फळा पुसायला घेतला, आणि आधीच पुसलेला फळा ती बराच वेळ पुसत राहिली.

त्या दुपारी गुणामावशींच्या चुलीशी चहा पिताना तिनं त्याला बदलीचं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. कदाचित त्यानं ‘जाऊ नका’ म्हणावं म्हणून. आईचे गुडघे, न्हाणीतले ते दोन तास, सात वर्षांचे सात फॉर्म, सगळं एका दमात सांगून टाकलं.

रविकांतनं कप खाली ठेवला.

“यादी कधी लागते?”

“एप्रिलमध्ये म्हणतात.”

“मिळावं तुम्हाला लातूर,” तो म्हणाला. “आईजवळ माणूस पाहिजे.”

बस्स, एवढंच. लुंबिनीला हातातला चहा कडू लागला. बरोबरच तर बोलला होता. चांगल्या माणसानं जे बोलावं तेच बोलला होता, आणि तिला त्याचा इतका राग आला, की तिनं पुढचा आठवडाभर त्याला ‘सर’ सोडून दुसरी हाक मारली नाही. एरवी कोणती मारायची म्हणा.

तो येत राहिला. पोरांसाठी गणितं दोघं मिळून लिहायची. त्यानं लिहावं, तिनं खोडावं. “मोसंबी कशाला? इथं कोण लावतंय मोसंबी? घड लिहा, ट्रक लिहा.” त्यानं निमूट ट्रक लिहावा. एकदा तिच्या वहीच्या कोपऱ्यात त्याच्या अक्षरात एक गणित सापडलं : ‘एका सरांकडे बारा शाळा आहेत. ते आठवड्यातून दोनदा एकाच शाळेत जातात. तर बाकीच्या अकरा शाळांनी काय करावं?’ तिनं खाली लाल पेननं लिहिलं, ‘तालुक्याला तक्रार करावी.’ वही त्याच्यापुढे सरकवताना दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळू पाहिलं, आणि ते इतकं फसलं, की गुणामावशींनी चुलीपाशी बसून कपाळाला हात लावला.

मार्चअखेर पेपर झाला. एकतीसपैकी एकोणतीस पोरं पास. केळीच्या गणितात या वेळी मारोतीरावांच्या बागेतून ट्रकमध्ये घड चढले होते, आणि बागेत किती घड राहिले हे साक्षीनं चित्र काढून दाखवलं होतं.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यादी लागली. लुंबिनी सोनकांबळे, जिल्हा लातूर.

हेडसरांनी पेढे मागवले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. रविकांत त्या दिवशी शाळेत होता. तोही पुढे आला, म्हणाला, “अभिनंदन, मॅडम,” पेढ्याचा तुकडा मोडला आणि मिळाली ती गाडी धरून निघून गेला. शुक्रवारी आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही.

लुंबिनी तांदळाची पोती ठेवतात त्या खोलीत जाऊन रडली. गुणामावशी तांदूळ काढायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“काय बाई हे. सात वर्षं घरी जायचं घरी जायचं करून राहिलता, आन् आता मिळालं तर रडून राहिलता?”

“मला कळंना झालंय, मावशी.”

“मला कळतंय की.” मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “अख्ख्या शाळेला कळतंय. त्या साक्षीला बी कळतंय. एक तुम्हाला आन् त्या लांबड्या मास्तरालाच कळंना, तर आम्ही काय करावं?”

शनिवारी सकाळची शाळा होती. साडेअकराला पोरं घरी गेली. लुंबिनी कपाट आवरत होती, कारण सोमवारी कार्यमुक्तीचा कागद मिळायचा होता. व्हरांड्यात चपला वाजल्या. रविकांत. हातात तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा, चेहरा असा, की दहा दिवस नीट झोप नसावी.

“हे द्यायचे राहिले होते.”

“ठेवा तिथं.”

त्यानं ठेवले. गेला मात्र नाही.

“सर,” लुंबिनी कपाटात तोंड घालूनच म्हणाली, “तीन महिने माझ्या वर्गात बसलात. एका पेढ्याच्या तुकड्यावर वाटेला लावलंत मला. काहीच म्हणायचं नव्हतं तुम्हाला?”

“लई म्हणायचं होतं.”

“मग?”

“आधी म्हटलो असतो… तर तुम्ही फॉर्म मागं घेतला असता.”

ती वळली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

“तुम्ही आईचं सांगितलं त्या दिवशीच बोलणार होतो मी. मग वाटलं, आपण बोललो आणि ह्या थांबल्या तर? उद्या त्या माउलीला काही झालं, तर तुम्ही मला कधी माफ केलं नसतं. मीच मला केलं नसतं. म्हणून म्हटलं, ऑर्डर हातात पडू दे, मग बोलू. आणि ऑर्डर आली त्या दिवशी… माझ्याच तोंडून शब्द फुटंना. म्हणून पळालो.”

“आणि मी काय करायचं, ते तुम्ही एकट्यानंच ठरवलंत?” लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धार. “मला रोज वाटायचं, या माणसाच्या लेखी मी एकतीस पोरांची मॅडम आहे, बाकी कुणी नाही. रोज, सर. रडून रडून जीव गेला माझा.”

“चुकलं,” तो म्हणाला. “आता विचारतो. बदलीच्या फॉर्ममध्ये एक वेगळा रकाना असतो… माहीत असेल तुम्हाला.”

माहीत नसायला काय झालं? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना स्वतःचा वाढदिवस एक वेळ आठवणार नाही, पण बदलीचे रकाने तोंडपाठ असतात. नवरा-बायको दोघंही शिक्षक आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांत असले, तर एकाला दुसऱ्याकडे बदली मागता येते. पती-पत्नी एकत्रीकरण.

“त्या रकान्यातून पुढच्या वर्षी मला लातूर मागायचं हाय,” रविकांत म्हणाला. “पण त्याला एक कागद जोडावा लागतो, तो माझ्या एकट्याच्यानं निघत न्हाई.”

“कोणता कागद?” तिनं विचारलं, माहीत असून.

“लग्नाचा दाखला.”

बाहेर केळीची पानं वाऱ्यावर फडफडत होती. लुंबिनीला एकाच वेळी हसू आणि रडू दोन्ही येत होतं, आणि ओढणीनं नेमकं काय पुसावं ते कळत नव्हतं.

“आणि भोकर? तुमचे आई-वडील?”

“त्यांच्याजवळ भाऊ हाय, भावजय हाय, दोन नातवंडं हायेत,” तो म्हणाला. “तुमच्या आईजवळ कोण हाय?”

लुंबिनीनं कपाटाचं दार लावलं. चालत त्याच्यापाशी गेली, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. दर शनिवारी शाळा सुटली की करायची.

“सामान बांधलंस का गं?” नागुबाईला कमी ऐकू यायचं, म्हणून ती इतक्या मोठ्यानं बोलायची की फोनची तशी गरजच नव्हती. “सोमवारी किती वाजता पोचतीस?”

“आई…” लुंबिनी म्हणाली. तिनं रविकांतचा हात सोडला नव्हता. “आई, मी येते. पण आता मी एकटी न्हाई येत.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नागुबाई म्हणाली, “तो वजाबाकीवाला सर का?”

“तुला कसं…”

“तीन म्हैने झाले, फोनवर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंस का तू? माझ्या गुडघ्याचं विचारायचं बी इसरलीस.” जरा थांबून ती म्हणाली, “हाय का तो तिथं?”

रविकांत फोनकडे वाकला. नागुबाईला काकू म्हणावं की मावशी, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला, आणि मग गेला.

“हाव, आई. जय भीम. मीच तो.”

लुंबिनीनं फोन आणखी त्याच्या कानाशी धरला. आणि मग तिच्या आईचा तो मोठा, करडा आवाज एकदम मऊ होऊन आला, “जेवलास का, बाबा?”

“हाव,” रविकांत कसाबसा म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात अर्धा कप चहा सोडून काही गेलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

लुंबिनीनं फोन आपल्याकडे ओढून घेतला.

“न्हाई जेवला, आई,” ती म्हणाली. “मी घालते त्याला जेवू.”